एकाच तिथीला दोन गौरी

जयपूरला नोकरी लागली तेव्हा आईनं माझ्या बॅगेत तीन गोष्टी कोंबल्या. गोडा मसाला, मेतकूट आणि कालनिर्णय. मसाला दोन महिन्यांत संपला, मेतकूट रूममेट्सनी संपवलं. कालनिर्णय मात्र भिंतीवर टिकलं आणि पुढचा सगळा प्रवास त्याच्यामुळेच घडला.

२०२४ सालची होळी नुकतीच झाली होती. अंगावरचा गुलाल धुऊन मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. घरमालकीण आंटीजी वर आल्या आणि म्हणाल्या, "आज से चैत लग गया, बेटा."

मी खोलीत जाऊन कालनिर्णय पाहिलं. आपल्याकडे अजून फाल्गुनच चालू होता! मग चुकलं कोण? कुणीच नाही. आपला महिना अमावास्येला संपतो. राजस्थानात आणि उत्तरेत बहुतेक ठिकाणी तो पौर्णिमेला संपतो. म्हणून वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्यापुढे एक घर असतो आणि शुद्ध पक्ष लागला की दोन्हींची गाठ पडते. चैत्र शुद्ध तृतीया त्यांची आणि आपली एकच.

आमच्या मिरजेच्या घरी त्या दिवशी चैत्रगौर बसते. छोट्याशा झोपाळ्यात अन्नपूर्णेची मूर्ती, पुढे चैत्रांगणाची रांगोळी, कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. गौर माहेरी येते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर राहते. आंटीजींना हे सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. कारण जयपुरात गौर माहेरी येते ती होळीनंतर. चैत्र शुद्ध तृतीयेला तर ईसर, म्हणजे शंकर, तिला न्यायला येतो आणि तिची पाठवणी होते. तीच गणगौर.

"मतलब हमारे यहाँ से निकलके सीधे तुम्हारे घर जाती है!" आंटीजी म्हणाल्या.

गमतीत म्हटलेलं हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्या वर्षी पाडवा ९ एप्रिलला होता आणि गणगौर ११ एप्रिलला, गुरुवारी. मला गुरुवार-शुक्रवारची रजा मिळत होती. शनिवार-रविवार धरून चार दिवस. मिरजेला जाऊन यायचं तर त्यातले बरेचसे गाडीतच गेले असते. मी सॅक भरली आणि ठरवलं, ही गौर निघते कशी ते शहराशहरांत जाऊन पाहायचं.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "जा, बघून ये." मग थोडं थांबून, "इथे तरी काय आहे? गौर बसवेन मी. हळदीकुंकू काही करत नाही आता."

बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. आईला हळदीकुंकू करू नको असं कुणीही म्हटलं नव्हतं. फक्त आजूबाजूच्या घरांतून तिला बोलावणं येणं बंद झालं आणि मग तिनंही कुणाला बोलावणं बंद केलं. आमच्या घरी चाळीस-पन्नास बायका यायच्या. आता गौरीसमोर आई एकटी बसायची. फोन ठेवल्यावर सॅकची चेन लावताना मला स्वतःचाच राग आला होता, हेही खरं.

जयपूर: ईसराविना निघणारी गौर

गणगौर म्हणजे एका दिवसाची मिरवणूक, असं मला वाटत होतं. आंटीजींच्या नातीनं तो समज मोडला. तिचं लग्न नुकतंच झालं होतं आणि लग्नानंतरच्या पहिल्या गणगौरीची पूजा करायला ती माहेरी आली होती. होळीच्या राखेच्या आणि शेणाच्या छोट्या पिंडी करून पूजा सुरू होते. रोज सकाळी बायका-मुली दूर्वा आणि फुलं आणायला बाहेर पडतात, कलशात पाणी भरून गाणी म्हणत परत येतात. भिंतीवर कुंकू, काजळ आणि मेंदीचे सोळा-सोळा ठिपके काढतात. कुंडीत गहू किंवा जव पेरतात, ते उगवून आले की त्यांना जवारे म्हणतात. लग्न झालेल्या बाया नवऱ्याच्या आयुष्यासाठी पूजा करतात आणि मुली चांगला नवरा मिळावा म्हणून. मी रोज सकाळी ऑफिसच्या आधी त्यांच्याबरोबर बागेत दूर्वा तोडायला जायला लागले. "तुला कसा नवरा हवाय?" असं विचारून त्या मला रोज छळायच्या.

गणगौरीच्या आदल्या दिवशी सिंजारा असतो. लग्न झालेल्या मुलींना मेंदी, बांगड्या, नवं कापड आणि घेवर मिळतो. आम्ही सगळ्या मिळून त्रिपोलिया बाजाराजवळच्या मणिहारों का रास्ता या गल्लीत गेलो. इथे लाखेचे चुडे बनतात. निखाऱ्यावर लाख मऊ करायची, लांब वळायची, वर रंग चढवायचा आणि गरम असतानाच मनगटाच्या मापानं जोडायची. हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम मणिहार कुटुंबं करतात. त्या वर्षी गणगौर आणि रमजान ईद एकाच दिवशी आली होती. बांगड्यांवाल्या खाला घाईत होत्या. "कल तुम्हारी गौर, हमारी ईद. जो लेना है आज ले लो," त्या म्हणाल्या. सौभाग्याचा चुडा त्यांच्याच हातांनी बनतो, हे आंटीजींच्या लेखी इतकं साधं होतं की मी त्याचं कौतुक करायला लागले तर त्यांना कळेचना, यात विशेष काय!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्रिपोलिया गेटसमोर गर्दीत उभ्या होतो. एरवी बंद असणारा राजवाड्याचा हा दरवाजा तीज आणि गणगौरीच्या सवारीला उघडतो. सिटी पॅलेसच्या जनानी ड्योढीतून गौरीची पालखी निघते. पुढे बँड, उंट, घोडे, कच्छी घोडीचे नाच आणि कालबेलिया नर्तकी. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर परदेशी पाहुणे बसलेले असतात. खाली रस्त्यावर मात्र सगळं जयपूर असतं, कडेवर मुलं घेतलेलं आणि हातात कुल्फी धरलेलं.

पालखी जवळ आली तेव्हा लक्षात आलं, गौर एकटीच आहे. ईसर कुठे? आंटीजींनी गोष्ट सांगितली. फार पूर्वी किशनगडवाल्यांनी ईसराची मूर्ती नेली, ती परत आलीच नाही. तेव्हापासून जयपूरची गौर एकटीच निघते. जैसलमेरलाही अशीच गोष्ट सांगतात, तिथे नाव बीकानेरवाल्यांचं घेतात. नवरा बरोबर नाही म्हणून गौरीची सवारी कुणी थांबवली नाही. तिचा शृंगार कमी झाला नाही, दुसऱ्या दिवशीची 'बूढी गणगौर'ची सवारीही चुकत नाही.

हे ऐकताना मला कुणाची आठवण झाली असेल, ते वेगळं सांगायला नको.

रात्री घरच्या मातीच्या गौरीला पाणी पाजलं, गुण्यांचा नैवेद्य दाखवला आणि तिला निरोप दिला. गुणे म्हणजे तळलेली, कड्यासारखी गोल खाऊची वस्तू. आंटीजींच्या डोळ्यांत पाणी होतं. मूर्तीसाठी असेल असं मला वाटलं. मग कळलं, नातही दुसऱ्या दिवशी सकाळी सासरी निघणार होती.

उदयपूर: घाटावर भेटलेली पाहुणी

सिंधी कॅम्प बसस्टँडवरून रात्रीची बस पकडून सकाळी उदयपूरला उतरले. पिछोला तलावाच्या काठी गणगौर घाट आहे. घाटाचं नावच सणावरून पडलेलं. शेजारी बागोर की हवेली, वर थोडं चढून गेलं की जगदीश मंदिर. गणगौरीच्या दिवसांत इथे मेवाड महोत्सव भरतो. वेगवेगळ्या समाजांच्या बायका आपापले लाकडी ईसर-गणगौर नटवून, डोक्यावर घेऊन घाटावर येतात. मूर्ती पाण्याकाठी मांडून त्यांच्याभोवती घूमर घालतात. सजवलेली नाव पाण्यातून निघते तेव्हा सगळा घाट उभा राहतो. जयपूरसारखी इथे गौर एकटी नव्हती. ईसर मिशा पिळून शेजारीच उभा होता.

घाटाच्या पायरीवर माझ्या शेजारी एक डच मुलगी बसली होती. पाठीवर माझ्याहून दुप्पट मोठी सॅक, नाक उन्हानं लाल झालेलं. ती नेदरलँड्समधल्या लायडन शहरातली. दोन महिने भारतात फिरत होती. मी तिला गौरीचं येणं-जाणं समजावून सांगितलं, तशी ती म्हणाली, "आमच्याकडेही एक पाहुणा बोटीतूनच येतो."

तो पाहुणा म्हणजे सिंटरक्लास. लाल झगा, पांढरी दाढी, हातात दंड. नोव्हेंबरच्या मध्याला तो वाफेच्या बोटीतून येतो, स्पेनहून आला असं मुलांना सांगतात. बंदरावर अख्खं गाव जमतं. मग तो घोड्यावर बसून शहरातून फिरतो. रात्री मुलं आपला बूट शेकोटीपाशी ठेवतात आणि घोड्यासाठी त्यात गाजर ठेवतात. सकाळी गाजर गेलेलं असतं आणि बुटात छोटासा खाऊ असतो. ५ डिसेंबरला संध्याकाळी घरोघरी भेटींची पोती उघडतात. मोठी माणसं एकमेकांना चिडवणाऱ्या कविता लिहून भेटीबरोबर देतात.

तिच्या शहराचा वेगळा सणही आहे. १५७४ साली लायडनला स्पॅनिश फौजेचा वेढा पडला होता. लोक उपाशी मरत होते. ३ ऑक्टोबरला वेढा उठला. अजूनही दर ३ ऑक्टोबरला तिथे हेरिंग मासा आणि पांढरा पाव वाटतात आणि घरी गाजर, कांदा, बटाटा एकत्र शिजवून खातात. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या भुकेची आठवण जेवूनच ठेवायची. मला आपली शिळासप्तमी आठवली, आदल्या दिवशीचं खाऊन पाळायची.

मी विचारलं, "मग सिंटरक्लास जातो तेव्हा काय करता?"

ती विचारात पडली. "तो येतो तेव्हा सगळे जातात. जातो कधी, ते कुणालाच कळत नाही. भेटी उघडल्या की संपलं."

समोर घाटावर बायका गौरीला पाणी पाजत होत्या. निरोपालाच एवढी गर्दी असलेला सण तिनं पहिल्यांदा पाहिला होता.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली. सिंटरक्लासबरोबर त्याचे मदतनीस असतात. कितीतरी वर्षं माणसं तोंडाला काळा रंग फासून, कुरळे केस लावून ही सोंगं घ्यायची. हा कृष्णवर्णीयांचा अपमान आहे, असं लोक म्हणायला लागले. घराघरांत भांडणं झाली. तिची आजी आणि ती एक अख्खा डिसेंबर बोलत नव्हत्या. आता बऱ्याच शहरांत सोंग बदललं आहे. मदतनीस धुराड्यातून आला, म्हणून तोंडावर काजळीचे नुसते डाग.

"आणि आजी?" मी विचारलं.

"आजी म्हणते, आधीचंच बरं होतं. पण गाजर अजून तीच सोलते."

बुंदी: जिथे गौरीची सवारी निघत नाही

रविवारी मी बुंदीला होते. शहर लहानसं. डोंगरावर राजवाडा, त्यात चित्रशाळा, आणि गावभर पायऱ्यांच्या विहिरी, ज्यांना इथे बावडी म्हणतात. १६९९ साली बांधलेली रानीजी की बावडी पाहायला मी मुद्दाम गेले. कमानींखालून उतरत जावं तसा एप्रिलचा उन्हाळा मागे पडत जातो.

उदयपूरहून निघताना मी लोकांना विचारलं होतं, बुंदीची गणगौर कशी असते? प्रत्येकानं हसून एकच उत्तर दिलं होतं, "हाडो ले डूब्यो गणगौर." म्हणजे हाडा गौरीला घेऊन बुडाला. बुंदीचं राजघराणं हाडा चौहानांचं. रावराजा बुधसिंहाचा भाऊ जोधसिंह गणगौरीच्या दिवशी गौरीची मूर्ती नावेत घेऊन जैतसागर तलावात निघाला आणि नाव उलटली. जोधसिंह आणि गौर, दोघंही बुडाले. तेव्हापासून बुंदीच्या दरबारानं गणगौर पाळणं सोडलं. त्याऐवजी इथे कजली तीज मोठी होते, आपल्या श्रावण वद्य तृतीयेला. तीजेची मूर्ती जयपूरहून पळवून आणली, अशीही गोष्ट बुंदीत मोठ्या अभिमानानं सांगतात.

जैतसागराच्या काठी सुखमहालाच्या सावलीत बसले होते, तेव्हा शाळेतला इतिहास आठवला. याच बुधसिंहाची गादी गेली. जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंहानं बुंदीवर दुसरा राजा बसवला. बुधसिंहाची राणी अमर कुंवरी कछवाह घराण्यातली, म्हणजे जयपूरचीच माहेरवाशीण. तिनं माहेराकडे पदर पसरला नाही. तिनं मल्हारराव होळकरांना राखी पाठवून भाऊ मानलं. १७३४ साली होळकर आणि राणोजी शिंदे यांच्या फौजा बुंदीवर चालून आल्या. राजस्थानच्या राजकारणात मराठे शिरले ते इथून. पुढे त्यातून राजस्थानला फार सुख लाभलं असं नाही, मराठ्यांच्या खंडणीच्या कडू आठवणी इथे आजही आहेत. पण त्या राणीचा मला हेवा वाटला. माहेर दार लावून घेतं तेव्हा दुसरं माहेर स्वतः निवडायचं, हे तिला सुचलं होतं.

सोमवारी सकाळी ऑफिसात होते, डोळे लाल आणि बुटांत बुंदीची धूळ.

जोधपूर: हातात वेत घेतलेल्या बायका

गणगौर संपली तरी जोधपूरची गौर संपत नाही. तिथे चैत्र शुद्ध तृतीयेपासून पुढे सोळा दिवस धींगा गवरीची पूजा चालते. धींगा म्हणजे दांडगाई, मस्ती. शंकरानं पार्वतीची थट्टा केली, म्हणून पार्वतीनंही भिल्लिणीचं सोंग घेऊन त्याची फिरकी घेतली, अशी कथा आहे. सोळाव्या दिवशी रात्री जुन्या शहरात ठिकठिकाणी धींगा गवरीच्या मूर्ती मांडतात, सोन्याच्या दागिन्यांनी मढवून. आणि त्या रात्री रस्ते बायकांचे असतात. पोलीस, शंकर, काली, डॉक्टर, साधू, शेठजी, वाटेल ते सोंग घेऊन बायका हातात वेत घेऊन फिरतात. वाटेत येणाऱ्या पुरुषाला वेताचा प्रसाद! ज्या अविवाहित मुलाला वेत बसतो त्याचं लवकर लग्न ठरतं, असं मानतात. म्हणून बरेच जण मुद्दाम समोर येतात आणि आयत्या वेळी पळतात.

एप्रिलच्या शेवटी मी माझ्या जोधपूरच्या सहकारी मैत्रिणीच्या घरी गेले. तिनं मला पोलिसाची टोपी दिली आणि तिच्या आईनं वेत. आयुष्यात पहिल्यांदा मी रात्री बारा वाजता गर्दीच्या गल्लीतून मागे न बघता चालले. कोणी धक्का मारेल, कोणी काही बोलेल, ही सवयीची भीती त्या रात्री नव्हती. बाजूला सरकायचं काम पुरुषांकडे होतं.

पण माझ्या लक्षात राहिल्या त्या मैत्रिणीच्या काकी. सत्तरीच्या, साध्या फिक्या रंगाच्या ओढणीतल्या. त्या गवरीच्या समोर, सगळ्यांच्या पुढे बसल्या होत्या. हातात सोळा गाठींचा दोरा. मैत्रीण माझ्या कानात म्हणाली, "काका जाऊन वीस वर्षं झाली. गणगौरीला काकी मागे बसतात. पण धींगा गवर विधवाही पूजतात, तेव्हा सोळा दिवस त्या पुढे असतात."

मी काकींना विचारलं, की त्या गवरीकडे काय मागतात? नवऱ्याचं आयुष्य मागण्याचा प्रश्न नव्हता. काकी हसल्या. म्हणाल्या, "मागायचं काय? ती माझी मैत्रीण आहे. मैत्रिणीकडे जायला काही मागायला लागतं का?"

वर्षातल्या सोळा दिवसांनी बाकीचं वर्ष भरून निघतं असं नाही. काकींनाही ते माहीत असणार. पण एकदा पुढे बसलेल्या बाईला मागे बसणं पूर्वीसारखं जमत नसेल, असं मला त्यांच्याकडे बघताना वाटलं.

पहाटे परत आल्यावर मी आईला फोन लावला. ती उठलेलीच होती. काकींचं सगळं सांगितलं. मग हेरवाडचंही काढलं. आमच्या मिरजेपासून हेरवाड काही फार लांब नाही, शिरोळ तालुक्यातलं गाव. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. पुढे राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं.

"आई, अक्षय्य तृतीयेला हळदीकुंकू कर ना. मी येते."

आई काही बोलली नाही. "झोप आता, रात्रभर जागली आहेस," एवढंच म्हणाली.

तीन दिवसांनी तिचा मेसेज आला. "डाळ किती भिजवू?"

मिरज: कैरीची डाळ आणि रिकाम्या दोन खुर्च्या

जयपूर-पुणे गाडी, पुण्याहून मिरज. सॅकमध्ये लाखेचे दोन डझन चुडे आणि वाटेत निम्मे मोडलेले गुणे. १० मे, शुक्रवार, अक्षय्य तृतीया. आईनं चैत्रांगण काढलं होतं. तीन वर्षांनी काढलेली शंख, चक्र, गोपद्मं थोडी वाकडी आली होती.

बोलावणं आईनं स्वतः घरोघर जाऊन केलं. "हळदीकुंकवाला या" असं न म्हणता ती म्हणाली, "गौरीला भेटायला या." नवरा असलेल्या, नसलेल्या, नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या, लग्नच न केलेल्या माझ्या शाळेच्या बाई, सगळ्यांना.

सव्वीस जणी आल्या. दोन जवळच्या काकू आल्या नाहीत. आईनं त्यांना कारण विचारलं नाही, मीही नाही. मागच्या गल्लीतल्या एक आजी दारातच थांबल्या. "मला कुंकू नको गं. पन्हं दे फक्त." आईनं त्यांना पन्हं दिलं, अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, हरभऱ्यांनी ओटी भरली आणि लाखेचा चुडा पुढे केला. आजींनी तो बराच वेळ हातात फिरवला. मग पिशवीत ठेवला. घरी जाऊन घातला की नाही, माहीत नाही.

मी सगळ्यांना आंटीजींचं वाक्य सांगितलं, की जयपूरहून निघालेली गौर थेट आपल्याकडे येते. एक काकू म्हणाल्या, "तरीच! एवढ्या लांबून येते म्हणून महिनाभर राहते." सगळ्या हसल्या. आई सगळ्यांत मोठ्यानं.

संध्याकाळी आईनं गौर झोपाळ्यातून उतरवून देवघरात ठेवली. दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा माझ्या सॅकमध्ये पुन्हा गोडा मसाला आणि मेतकूट होतं. स्टेशनवर आईला म्हटलं, "पुढच्या वर्षी तू ये जयपूरला. गौर निघताना बघ."

"मग इथे तिला घ्यायला कोण राहील?" आई म्हणाली.

तुम्हालाही जायचं असेल तर

कधी जावं: गणगौर पाडव्यानंतर लगेच, चैत्र शुद्ध तृतीयेला येते, म्हणजे मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये. जयपूरची सवारी दोन दिवस निघते. उदयपूरचा मेवाड महोत्सवही त्याच सुमारास असतो. जोधपूरची धींगा गवर त्यानंतर साधारण पंधरवड्यानं. राजस्थानचं पंचांग पाहत असाल, तर तिथे वैशाख वद्य पक्षात बघा, आपल्याकडे तो चैत्र वद्य पक्ष असतो.

प्रवास: राजस्थान रोडवेजच्या बसमध्ये महिलांना तिकिटात सवलत मिळते. कोणत्या बसला किती, ते खिडकीवर विचारा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. उदयपूरला महोत्सवाच्या दिवसांत राहायची सोय आधीच करून ठेवा.

ऊन: दुपारी फिरू नका. सकाळी लवकर आणि संध्याकाळी फिरा, पाणी आणि ताक पीत राहा. बावड्या पाहायला दुपारची वेळही चालते, खाली गारवा असतो. पायऱ्या मात्र जपून उतरा.

फोटो: सवारीचे हवे तेवढे काढा. घरात किंवा बागेत पूजा चालू असेल, तर आधी विचारा. विचारलं की बहुतेक वेळा फोटोबरोबर प्रसादही मिळतो.

धींगा गवरीला: पुरुष वाचकांनो, वेत बसला तर वाद घालू नका, त्या रात्रीचा तो रिवाज आहे. बाहेरगावच्या मुलींनी एखाद्या स्थानिक कुटुंबाबरोबर गेलेलं बरं. 'मोई' नावाचा प्रसाद मिळाला तर खाण्याआधी विचारा, त्यात भांग असू शकते.

रिकाम्या हाती जाऊ नका: कुणाच्या घरी पूजेला गेलात, तर आपल्याकडचं काहीतरी न्या. चिवडा, चकल्या, कैरीचं लोणचं, काहीही चालेल. मी आंटीजींना आईनं दिलेलं मेतकूट नेलं. त्यांनी ते दाल-बाटीवर घालून खाल्लं आणि आता दर महिन्याला विचारतात, "मम्मी ने और भेजा क्या?"